कागदाची चव

बाइंडरांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नाही. तसं त्यांचं काही व्रत नव्हतं. 'ज्याला डोळे आहेत त्याने बघावं, ज्याला नाहीत त्याने दुसरा धंदा बघावा,' एवढंच त्यांचं शिक्षणशास्त्र होतं, आणि तेही त्यांनी आपल्या उस्तादाकडून जसंच्या तसं उचललं होतं. उस्तादाने त्यांना सात वर्षं खळ ढवळायला लावली. आठव्या वर्षी उस्ताद वारला, तेव्हा यांनी सुई हातात घेतली. पदवीदान समारंभ तो एवढाच.

सून लग्न होऊन घरात आली ती याच विद्यापीठात दाखल झाली. ओसरीवर मामंजी भिंतीला टेकून बसत, पुढ्यात पाट, पाटावर पुस्तक. समोर शेगडीवर ती खळ ढवळत बसे. खळ म्हणजे पीठ, पाणी आणि चिमूटभर मोरचूद. मोरचूद किड्यांसाठी, "आणि तुझ्या नवऱ्यासाठी, नाहीतर तो पातेलं चाटून ठेवेल," हा मामंजींचा चौदा वर्षांतला एकुलता एक विनोद. तिला तो आवडायचा. दुसरा नव्हताच.

चौदा वर्षं तिने पाहिलं. दोऱ्याला मेण किती लावायचं, हाडाच्या पट्टीने घडी कशी मोडायची, आठ-आठ पानांचे जुज एकावर एक रचून सुई कुठून आत घालायची आणि कुठून बाहेर काढायची, कण्यावर खळ बोटाने भरायची की ब्रशने. मामंजी दुपारी आडवे झाले की ती रद्दीचे कागद घेऊन मागच्या पडवीत बसे आणि जुजबंदी करून बघे. शेवटची गाठ मारण्याआधी मामंजी खाकरत. म्हणून तीही खाकरे. पुठ्ठा कापण्याआधी ते पट्टी मांडीवर दोनदा आपटत, तीही आपटे. कसब कुठलं आणि खोड कुठली हे समोर बसणाऱ्याला कळत नाही. तिने दोन्ही घेतलं. जुडीतून पालेभाजी घेतली की देठ आणि दोराही पिशवीत येतो, तसं.

एक गोष्ट मात्र तिने डोक्याने घेतली. नवा ताव कापण्याआधी मामंजी त्याचा कोपरा जिभेला लावत, थोडा वेळ समोर धरत, मग कात्री चालवत. ते कागदाची चव बघतात, हे तिने पहिल्याच वर्षी ओळखलं. पुढे तिने स्वतःही सगळे कागद चाखले. पिवळा कागद तुरट लागायचा, पांढरा खडूसारखा, जाड करडा जरा खारट. मामंजी मुखपृष्ठाच्या आत चिकटवायच्या अस्तराला बहुधा खारट कागद घेतात असा तिचा निष्कर्ष होता. चौदा वर्षांत त्याला छेद जाईल असं काही घडलं नाही, कारण मामंजी बहुधा करडाच कागद घेत. दुकानात तोच स्वस्त होता.

मग पावसाने सलग दोन वर्षं तोंड फिरवलं, आणि तिसऱ्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला मामंजींचं तोंड फिरलं. सकाळी उठले ते उजवी बाजू लुळी घेऊनच. हात मनगटापासून मेलेल्या कोंबडीच्या मानेसारखा लोंबायचा. बोलणं गेलं, उरलं ते दोन-तीन शब्द आणि एक घरघर.

दुष्काळात गावात एकाच माणसाची भरभराट होती, ती तिच्या नवऱ्याची. तो पाण्याचा टँकर चालवायचा. लोक पक्षपात म्हणतील म्हणून आपल्या घराचे हंडे तो सगळ्यात शेवटी भरायचा, आणि शेवटी टँकर रिकामा असायचा.

"अहो, दोन हंडे तरी ठेवत जा मागे."

"अगं, नाव होतंय माझं गावात."

"नाव पितात का?"

यावर तो हसायचा आणि पंप बंद करायचा.

अशात शहरगावच्या कचेरीतला कारकून सायकलवरून आला. दुष्काळाची मदत मंजूर झाली होती. पण ती कुणाकुणाला दिली हे लिहायला रजिस्टरं नव्हती, म्हणून मदत अडली होती. कोरी, पक्की, कापडी कण्याची बत्तीस रजिस्टरं हवी होती. रोज शंभर हात उलटतील तरी उसवू नयेत अशी.

कारकून येतोय हे तिला गल्लीच्या तोंडाशीच कळलं होतं. तेवढ्या वेळात तिने मामंजींना उचलून ओसरीवर भिंतीला टेकवलं, उजव्या हातावर शाल टाकली आणि मांडीवर एक अर्धं शिवलेलं पुस्तक ठेवलं. मामंजींनी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

"काय बाइंडरबाबा, या उकाड्यात शाल?"

"कणकण आहे जरा," ती म्हणाली.

"होणारच. मलाही होते. साहेबांना तर रोज होते." कारकुनाला दुसऱ्याच्या उत्तराची सवय नव्हती, त्यामुळे मामंजी काहीच बोलत नाहीत हे त्याच्या लक्षात आलं नाही. "बत्तीस. महिन्यात द्यायची. कचेरीत म्हणत होते, यंत्रावर करून घ्या. मी म्हटलं, चाळीस वर्षांत यांचं एक पुस्तक उसवलंय का, दाखवा. बरोबर ना बाबा?"

मामंजींची डावी पापणी हलली. कारकुनाने तो होकार धरला, पाणी मागितलं, तिने दिलेलं अर्धं फुलपात्र एका घोटात संपवलं आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी कागदाचे गठ्ठे टँकरवरच आले.

नवरा म्हणाला, "तू करणार? तू?"

"मग तुम्ही करता?"

"बाबांना विचारलंस?"

"विचारते," ती म्हणाली. पण विचारलं नाही. मामंजी नाही म्हणाले असते तर काय, या विचाराने नव्हे. आधी एक रजिस्टर पुरतं बांधायचं आणि ते त्यांच्या हातात ठेवायचं, असं तिने ठरवलं होतं. मामंजी ते उघडतील, मिटतील, कण्यावरून अंगठा फिरवतील आणि खोट सापडली नाही की काहीच बोलणार नाहीत. ते 'काहीच नाही' तिला हवं होतं. चौदा वर्षांत तेवढंच मागावंसं वाटलं होतं.

ती पहाटे पाण्याच्या रांगेत जाऊन यायची, भाकरी थापायची, मामंजींचं अंग पुसायची, कूस बदलायची, आणि उन्हं अंगणात उतरली की पाटावर बसायची. मामंजींना तिने आतल्या खोलीतच ठेवलं, पण दार उघडं. उकाड्यात खळ पातेल्यातच दाट व्हायची. पाणी घालावं तर पाणी नाही. घामाचा थेंब कागदावर पडू नये म्हणून ती कपाळाला फडकं बांधायची. तिसऱ्या दिवशी दोऱ्याने तर्जनीला चीर पडली. मेण भरून तिने पुढे शिवलं. खाकरून गाठ मारली. पट्टी दोनदा मांडीवर आपटली. आतून घरघर ऐकू आली. तिला वाटलं, खोकला.

जुजबंदी सुरेख जमली. स्वतःची जमलेली गोष्ट माणूस एकदाच बघत नाही. तीही पुन्हा पुन्हा बघायची. मग अस्तराचे कागद कापायची वेळ आली. करड्या तावाचा कोपरा तिने जिभेला लावला. खारट. उत्तम. मामंजी ताव उभा धरून त्यातून दोन अस्तरं काढायचे आणि पट्टीभर कागद वाया घालवायचे. ताव आडवा धरला तर एकातून तीन निघत होती. गृहिणीच्या डोळ्यांना हे चौदा वर्षं खुपत होतं. तिने आडवा धरला.

त्या दुपारी आत पडल्या पडल्या मामंजींनी डावं बोट वर केलं आणि जिभेला लावलं. मग तेच बोट तिच्याकडे दाखवलं. पुन्हा जिभेला लावलं.

"पाणी? आणते." ती उठली. तळाशी गेलेल्या हंड्यातून वाटीने काढून तिने फुलपात्र भरलं, त्यांच्या ओठांना लावलं. त्यांनी मान फिरवली. पुन्हा बोट जिभेला, पुन्हा दाराबाहेर पाटावरच्या तावाकडे.

"अहो मामंजी, घ्या की. मघाशीच मागितलंत ना?"

मामंजींनी डाव्या हाताचा फटका मारला. फुलपात्र भिंतीवर आदळलं. पाणी जमिनीवर पसरलं आणि जमिनीने ते बघता बघता पिऊन टाकलं.

ती तिथेच बसून रडली. मामंजींसाठी नव्हे, पाण्यासाठी. "रांगेत दोन तास उभी होते मी," ती म्हणाली. "दोन तास. आणि तुम्ही." मग उठून तिने दार ओढून घेतलं. त्यानंतर महिनाभर ते दार दिवसा बंद राहिलं. मामंजींनी पुन्हा बोट उचललं असेल, नसेल.

बत्तीस रजिस्टरं वेळेवर झाली. शेवटचं बांधून झालं तेव्हा ते मामंजींना दाखवायचं तिच्या मनात होतं. पण टँकर निघायला आला होता, आणि त्या फटक्यानंतर तिलाही जरा ताठा आला होता. नंतर दाखवू एखादं, कारकुनाकडून मागून, असं ती स्वतःला म्हणाली. दाबून ठेवायच्या शिकंज्यातून नुकतीच काढलेली ती रजिस्टरं सपाट, घट्ट, देखणी दिसत होती. नवऱ्याने एक उघडून वास घेतला आणि म्हणाला, "बाबांचीच वाटतात." इतकं चांगलं त्याने लग्नानंतर तिच्याबद्दल काही म्हटलं नव्हतं.

नवव्या दिवशी कचेरीतून निरोप आला: बाइंडरने स्वतः हजर व्हावं.

टँकरच्या केबिनमध्ये मामंजींना मध्ये बसवून तिघं गेले. कचेरीच्या पायऱ्यांवर मदतीसाठी आलेली माणसं बसली होती. मामंजींना दोन्ही बाजूंनी धरून वर नेताना कुणीतरी म्हणालं, "हेच ते. यांच्यामुळे आठ दिवस झाले बसलोय." कुणी पाय आवरले नाहीत, ओलांडत जावं लागलं.

साहेबांच्या टेबलावर रजिस्टरांची रास होती. कोरड्या हवेत प्रत्येकाचा वरचा पुठ्ठा वळून उभा राहिला होता. साहेबांनी एक मिटलं. ते हळूहळू पुन्हा उघडलं.

"हे बघा," साहेब म्हणाले. "मी मिटतो, हे उघडतं. मी दाबतो, हे माझ्याकडे बघत वर येतं. रजिस्टर आहे की मगर?"

दोन कारकून हसले. तिसरा, तो सायकलवाला, खिडकीबाहेर बघत राहिला.

"आणि हे." आतलं अस्तर सांध्यावर ताणून फाटलं होतं, पहिला जुज त्याच्याबरोबर ओढला गेला होता. "बत्तीसच्या बत्तीस. बाबा, चाळीस वर्षांत तुमचं एक पुस्तक परत आलं नव्हतं म्हणतात. वय झालं तर सांगायचं होतं. आम्ही काय खाणार होतो तुम्हाला?"

खुर्ची रिकामी होती, पण ती कुणी पुढे केली नाही. मामंजी सुनेच्या खांद्यावर भार टाकून उभे होते. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. तिने पदराने पुसली, आणि तसाच पदर हातात धरून म्हणाली, "साहेब, ही त्यांनी नाही बांधली. मी बांधली."

साहेबांनी चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक दिसायला लागलं.

"बघा," साहेब सगळ्यांना म्हणाले. "याला म्हणतात सून."

"आमच्याकडे मीठ जास्त पडलं तरी सासूवर ढकलतात," एक कारकून म्हणाला.

"नाही हो, खरंच सांगते. त्यांचा हात चालत नाही. हे बघा." तिने शाल बाजूला केली. लुळा हात लोंबला. "तीन महिने झाले. शिवण माझी, खळ माझी, अस्तर माझं. सगळं मीच केलं."

साहेब हळहळले. "अरेरे. म्हणजे डाव्या हाताने बांधलीत बाबा तुम्ही? तरीच."

"डाव्या नाही! मी! सुई द्या, दोरा द्या, इथे शिवून दाखवते. आत्ता."

"बाई, भावना कळली," साहेब मऊ आवाजात म्हणाले. "पण बाहेर लोक बसलेत." तरीही नियमाप्रमाणे त्यांनी मामंजींना विचारलं, जरा मोठ्याने, बहिऱ्याला विचारतात तसं: "बाबा, ही म्हणते ते खरं का? कुणी बांधली ही?"

मामंजींनी टेबलावरच्या राशीकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग डावा हात उचलून छातीवर ठेवला.

"मी," ते म्हणाले. तीन महिन्यांत इतका स्पष्ट शब्द त्यांच्या तोंडून आला नव्हता.

काम यंत्राकडे गेलं. बत्तीस रजिस्टरं टँकरवर चढवून परत दिली गेली, कारण कचेरीत टाकाऊ माल ठेवायला जागा नव्हती. वाटेत मामंजींचं डोकं प्रत्येक खड्ड्याला तिच्या खांद्यावर आपटत होतं.

"बाबांनी तुला वाचवलं," नवरा शेवटी म्हणाला.

"वाचवलं?" ती म्हणाली. "की पुसून टाकलं?"

त्याने गिअर बदलला. मधल्या माणसाला विचारायला हवं होतं, पण मधला माणूस समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होता, आणि त्याचा स्पष्ट शब्दांचा साठा कचेरीत संपला होता.

त्यानंतरच्या सकाळी ती नेहमीच्या वेळी पाटावर बसली. का बसली, हे तिलाही सांगता आलं नसतं. काम नव्हतं, मुदत नव्हती, गिऱ्हाईक नव्हतं. बत्तीस वाकडी रजिस्टरं ओसरीवर रचलेली होती आणि ती तशी बघवत नव्हती, एवढंच. तिने आतलं दार उघडलं, मामंजींना बाहेर आणलं, भिंतीला टेकवलं. मग एका रजिस्टराचा पुठ्ठा सुरीने सोडवला, फाटलेलं अस्तर ओलं करून खरवडून काढलं आणि करडा ताव हातात घेतला.

मामंजींनी डावा हात पुढे केला. तिने ताव दिला. त्यांनी कोपरा जिभेला लावला आणि तिच्या तोंडासमोर धरला. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यांनी चिडून घरघर केली, ताव आणखी पुढे केला, अगदी नाकाशी.

तेव्हा तिने कागदाकडे पाहिलं. ओला कोपरा हळूहळू वळत होता. वाटेल तसा नाही. एकाच अंगाने, गुंडाळी व्हावी तसा. मामंजींनी ताव फिरवला, ती गुंडाळी पुस्तकाच्या कण्याला समांतर उभी आणली आणि पाटावर ठेवला. असा. मग आडवा केला, तिने कापले होते तसा, आणि डाव्या तळव्याने पाटावर एक चापट मारली. असा नाही.

कागदाला अंग होतं, लाकडाच्या रेषांसारखं. चव नव्हती. ओला झाला की तो त्या अंगाला आडवा पसरायचा आणि वाळताना पुठ्ठ्याला आपल्याबरोबर ओढून न्यायचा. त्यासाठी जीभ होती. त्यासाठीच त्या दुपारचं ते बोट होतं. तिला भिंतीवर आदळलेलं फुलपात्र आठवलं आणि तिने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले, कारण आता रडायला पाण्याचं निमित्त नव्हतं.

"मामंजी," ती म्हणाली, "मी दार लावून घेतलं हो."

मामंजी तावाकडे बोट दाखवत होते. काप.

तिने कापला. उभा, दोनच निघाले. पट्टीभर वाया गेला. ती रोज एक रजिस्टर सोडवायची, रोज एक बांधायची. मामंजी भिंतीशी बसून बघायचे. आता तेच समोर बसलेले आणि तीच पाटावर. उन्हाळा उतरला, ढग येऊन गेले, थोडे बरसलेही. टँकर बंद झाला आणि नवरा घरी बसून नावाबद्दल कमी बोलू लागला. गावात मदत वाटली गेली. यंत्रावरची रजिस्टरं कशी आहेत हे विचारायला ती गेली नाही. दहा झाली, वीस झाली. थोडे शब्द परत आले होते, पण मामंजींचं बघणं हळूहळू पातळ होत चाललं होतं. कधी तिला ते आपल्या वारलेल्या बायकोच्या नावाने हाक मारायला बघायचे, कधी उस्तादाच्या. कधी दिवसभर नुसते अंगणातल्या उन्हाकडे बघायचे, आणि जेवण पुढे आलं की हे कुणाचं असं विचारल्यासारखं करायचे.

बत्तिसावं रजिस्टर तिने शिकंज्यातून काढलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. पूर्वी ठरवलं होतं तसं. ते सपाट होतं. तीन दिवस उन्हात ठेवून बघितलं होतं; सपाटच राहिलं होतं. मामंजींनी डाव्या हाताने ते उघडलं, मिटलं. कण्यावरून अंगठा फिरवला. अस्तराच्या सांध्यावर नख टेकवून ओढून पाहिलं. मग ते पालथं घातलं आणि पुन्हा सुरुवातीपासून, एकेक जुज मोजत असल्यासारखं, सगळं तपासलं. त्यांना खोट हवी होती असं नाही. पण चाळीस वर्षांचा हात होता. शोधल्याशिवाय राहवत नव्हतं.

खोट सापडली नाही. त्यांनी मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. अनोळखी कारागिराकडे बघावं तसं, जरा आदराने, जरा संशयाने.

"कुणी," ते म्हणाले. शब्द तोंडात अडकला, त्यांनी तो पुन्हा गोळा केला. "कुणी शिकवलं?"

"तुम्ही, मामंजी."

त्यांनी बराच वेळ विचार केला. खरं आणि खोटं नीट वेगळं करून ठेवावं, तसा. मग मान हलवली.

"नाही," ते म्हणाले. "मी नाही. मी कुणाला नाही शिकवलं."

त्यांनी रजिस्टर तिच्या हातात परत दिलं, जपून, दोन्ही हातांनी धरता येत नव्हतं म्हणून छातीशी टेकवून, आणि डोळे मिटून भिंतीला टेकले. तिने ते घेतलं. बाकीच्या एकतीस रजिस्टरांवर नीट, कडा जुळवून ठेवलं. मग शेगडी विझवली आणि खळीचं पातेलं धुवायला उठली.